दोन मुलांचे भांडण नव्हे

मधल्या सुट्टीत एका मुलाचे दप्तर संडासात सापडते, महिन्याभरात तिसऱ्यांदा. तक्रार शिक्षकांच्या खोलीपर्यंत जाते. दोघांना बोलावून समोरासमोर उभे केले जाते. ‘नक्की काय झालं?’ एक जण घडाघडा बोलतो, दुसरा मान खाली घालून उभा राहतो. ‘चला, सॉरी म्हणा, हात मिळवा. मिटलं.’ पाच मिनिटांत प्रकरण आटोपते आणि मोठी माणसे पुढच्या तासाला निघून जातात. शाळेतल्या दादागिरीवर सर्वाधिक वापरला जाणारा उपाय हाच असावा, आणि तो बहुतेक वेळा उलटतो.

का उलटतो, हे त्या पाच मिनिटांत तिथे काय ठरले यावरून कळते. ज्याचा छळ झाला त्याला छळणाऱ्यासमोर उभे राहून बोलायला लावले. शाळा सुटल्यावर त्याच रस्त्याने, त्याच मुलांबरोबर आपल्याला घरी जायचे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, म्हणून तो अर्धेच सांगतो. दोघांनाही ‘सॉरी’ म्हणायला लावले, म्हणजे चूक निम्मी-निम्मी वाटली गेली. छळणारा शिकला की पकडले गेलो तरी फार तर पाच मिनिटे जातात. छळ सोसणारा शिकला की सांगून काही होत नाही, उलट पुढचे चार दिवस जास्त वाईट जातात. चौथ्यांदा दप्तर गेले तर तो सांगणार नाही, आणि शाळा म्हणेल, ‘त्या दिवसानंतर एकही तक्रार नाही.’

या सगळ्याच्या मुळाशी एकच चूक आहे. जे भांडण नाही, त्याला भांडण म्हटले जाते. भांडणात दोघांची ताकद साधारण सारखी असते, दोघांनाही राग आलेला असतो आणि दोन दिवसांनी ती मुले पुन्हा एकत्र खेळतात. नॉर्वेत काम केलेल्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास उभा केला. त्याने दिलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात: मुद्दाम दिलेला त्रास, तो पुन्हा पुन्हा होणे आणि दोघांच्या बळातला फरक. यातली तिसरी खूण मोठ्यांच्या नजरेतून हमखास निसटते, कारण बळ म्हटले की आपल्याला दंड दिसतात. शाळेत बळ म्हणजे एकाच्या पाठीशी पाच मित्र असणे, वर्गात हवाहवासा असणे, बोलण्यात तरबेज असणे, मॉनिटर असणे, कुणाचे तरी गुपित हाती असणे. किरकोळ बांध्याची, पहिल्या पाचांत येणारी मुलगी फक्त ‘आज तिच्याशी कुणी बोलायचं नाही’ एवढे म्हणून एखादीला महिनाभर वाळीत टाकू शकते. तिथे ना ओरखडा, ना फाटलेला सदरा. शिक्षकाला काहीच दिसत नाही.

दिसते ते भलतेच. मुरलेली मुले टोचणी हळू आवाजात देतात: मागच्या बाकावरून पेनाचे टोक, ठरावीक टोपणनावाची कुजबुज, चालताना पायाला पाय. अर्धा तास हे सोसून ते पोर एकदाचे उसळते आणि मोठ्याने ओरडते किंवा वही फेकते. शिक्षक आवाज झाला तिकडे वळतात. शिक्षा कुणाला, हे सांगायला नको. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण शाळेच्या वर्गांत रोज खरी होते. म्हणून उद्रेक करणाऱ्या मुलाबद्दल पहिला प्रश्न ‘आधीच्या अर्ध्या तासात त्याच्या आसपास कोण बसलं होतं?’ हा असला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे हा प्रकार दोघांत घडतच नाही. टोरांटोमध्ये डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या संशोधकांनी मुलांना छोटे मायक्रोफोन लावून खेळाच्या मैदानावर चित्रीकरण केले. दादागिरीच्या दहापैकी आठ-नऊ प्रसंगांत भोवती इतर मुले हजर होती. त्यातल्या पाचांतल्या जेमतेम एका प्रसंगात कुणीतरी मध्ये पडले, पण जेव्हा पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. मोठी माणसे मध्ये पडली ती मैदानावरच्या शंभरांतल्या चारेक प्रसंगांत. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये या गर्दीतल्या भूमिका वेगळ्या काढल्या. छळणारा आणि छळ सोसणारा यांच्याखेरीज हात धरून ठेवणारे साथीदार, हसून चढवणारे, पाठीशी उभे राहणारे आणि अलिप्त राहणारे असे चार गट त्यांना दिसले.

हे चार गट समजले की उपाय कुठे लावायचा तेही समजते. छळणाऱ्याला हवे असते ते त्या पोराचे दप्तर नव्हे. त्याला हवा असतो बघ्यांच्या नजरेतला वट. ‘आतून दुबळा म्हणून दुसऱ्याला त्रास देतो’ हा समज लोकप्रिय आहे, पण ओल्वेयसला छळणाऱ्या मुलांत आत्मविश्वासाची कमतरता सापडली नाही, आणि नंतरच्या अभ्यासांत यातली बरीच मुले वर्गात लोकप्रिय असल्याचेच दिसले. त्यांना नुसते ‘कसं वाटेल त्याला?’ असे विचारून भागत नाही, कारण कसे वाटेल हे त्यांना चांगले कळते. म्हणून तर नेम बरोबर लागतो. जे आटवायचे आहे ते हसू आणि ती गर्दी.

‘लहान मुलांचं चालायचंच, त्यातूनच घट्ट होतात’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग आयुष्यभर ठेवला गेला आहे. सात आणि अकरा वर्षांच्या वयात ज्यांचा छळ झाल्याचे पालकांनी सांगितले होते, त्यांच्यात पन्नाशीच्या आसपासही नैराश्य आणि चिंतेचे आजार जास्त होते, जिवाभावाची माणसे कमी होती, आयुष्याबद्दलचे समाधान कमी होते. घरची गरिबी, मुलाची बुद्धी, आधीच्या भावनिक अडचणी हे सगळे हिशेबात धरूनही फरक उरला. चाळीस वर्षांत जे ‘घट्ट’ झाले नाही, ते आणखी कधी होणार? अडचणीतून मुले कणखर होतात हे खरे आहे, पण ज्या अडचणीला शेवट आहे आणि जिथे धावून येणारे कुणी आहे, तिच्यातून. रोज त्याच दारातून आत जायचे आणि कधी कोपऱ्यात गाठले जाईल हे ठाऊक नाही, यात कणखरपणा येत नाही. सतत कान टवकारून राहण्याची सवय लागते, आणि ती सवय अभ्यासाच्या वाट्याचे लक्ष खाते. गुण घसरतात ते त्यामुळे.

छळणाऱ्याचेही भले होत नाही. ओल्वेयसने सहावी ते नववीत दादा म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलग्यांचा चोविशीपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना कुठल्या ना कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. सर्वांत वाईट अवस्था मात्र तिसऱ्याच गटाची असते: जो वरून मार खातो आणि खालच्याला देतो. विल्यम कोपलँड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या दीर्घकालीन अभ्यासात तरुणपणीच्या मानसिक आजारांचा धोका या दुहेरी गटात सर्वाधिक आढळला. शाळेत मात्र या मुलाची बाजू घ्यायला कुणी नसते, कारण त्याच्याविरुद्धच्या तक्रारी खऱ्याच असतात.

घरात खुणा लवकर दिसतात, फक्त त्या अभ्यासाच्या किंवा आळसाच्या खात्यावर टाकल्या जातात. सुट्टीच्या आदल्या दिवशी पोट दुखत नाही, शाळेच्या आदल्या रात्री दुखते. शाळेतून आल्याबरोबर मूल आधी संडासाकडे धावते, कारण शाळेतल्या संडासात जायची त्याची हिंमत नसते. पाणी कमी पिते तेही त्याचसाठी. नेहमीचा रस्ता सोडून लांबचा धरते. पट्टी, कंपास, पेन वारंवार ‘हरवतात’. पैसे थोडे थोडे जास्त लागतात. धाकट्या भावंडाशी अचानक वाकडे वागते. यातली एखादी गोष्ट काही सांगत नाही, पण तीन एकत्र दिसल्या तर विचारायला हवे. ‘कोण त्रास देतं का?’ असे थेट विचारले की उत्तर ‘नाही’च येते. ‘मधल्या सुट्टीत कुठे बसतोस? शेजारी कोण असतं? कुठल्या तासाला कंटाळा येतो?’ असे विचारले की चित्र हळूहळू उमटते. आणि ऐकल्यावर तडक त्या दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन थडकू नये. तिथे दोन घरांचे भांडण लागते आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. तारीख, जागा, काय झाले, तिथे कोण होते, एवढे चार रकाने वहीत लिहून शाळेला लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचे गांभीर्य संध्याकाळपर्यंत विरते.

‘तूही एक ठेवून दे’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. ताकद सारखी असती तर मुलाने तो न विचारताच अमलात आणला असता. ‘दुर्लक्ष कर’ हा त्याचा जुळा भाऊ. चिडवणे नुकते सुरू झाले असेल तर कधी चालतो, पण छळ मुरल्यावर समोरचा फक्त डोस वाढवतो.

आता शाळेने काय करावे. पहिला नियम: समोरासमोर बसवायचे नाही. आधी ज्याला त्रास झाला त्याच्याशी एकट्याने बोलायचे, दार उघडे असलेल्या पण बाहेरून कुणाला ऐकू न येणाऱ्या जागी. ‘का?’ विचारायचे नाही. काय, कुठे, किती वेळा, आणखी कोण, एवढेच विचारायचे. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत उतरवायचे, शिव्यांसकट. ‘अपशब्द वापरले’ असे लिहिले की पुढे त्या कागदाला काही अर्थ राहत नाही. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. ‘कुणाला आणि केव्हा सांगणार ते आधी तुला सांगेन’ हे वचन द्यावे आणि पाळावे.

मग बघ्यांपैकी दोन-तीन जण. वर्गातल्या निम्म्या मुलांना कुठल्याही कारणाने एकेक करून बोलावले, म्हणजे कुणी सांगितले ते ओळखू येत नाही. त्यानंतर ज्यांच्यावर आरोप आहे ती मुले, एकाच तासात, एकामागून एक आणि सर्वांत सौम्य साथीदारापासून सुरुवात करून. मध्ये सुट्टी आली की त्यांचे बोलणे जुळते आणि मग ताकास तूर लागत नाही. बहुतेक शाळांत चौकशी फसते ती याच वेळापत्रकामुळे: एकाला सकाळी विचारले जाते, दुसऱ्याला दुसऱ्या दिवशी.

त्या मुलांशी काय बोलायचे यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, स्पष्ट सांगा की तू हे केलेस आणि ते आत्ता थांबले पाहिजे. दुसरा म्हणतो, दोष न देता ‘त्याचे दिवस वाईट चाललेत, तू काय करू शकशील?’ असे विचारा. फिनलंडमधल्या शाळांतल्या ‘किवा’ या छळविरोधी कार्यक्रमात दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या गेल्या आणि एकंदर यशात मोठा फरक दिसला नाही. फरक पडतो तो बोलणे कसे संपते याने. मुलाच्या तोंडून एक ठोस कृती बाहेर पडली पाहिजे. ‘पुन्हा करणार नाही’ ही कृती नव्हे. ‘ते नाव उच्चारणार नाही, आणि दुसऱ्याने उच्चारले तर हसणार नाही’ ही कृती. ती लिहून घ्यायची.

पुढे सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत टाळली जाणारी पायरी येते, ती म्हणजे पुन्हा भेटणे. सूड घेतला जातो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर. म्हणून दुसऱ्याच दिवशी एक मिनिट, आठवड्याने दहा मिनिटे, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि दोन महिन्यांनी एकदा. तारखा पहिल्याच दिवशी नोंदवहीत टाकून ठेवायच्या, नाहीतर परीक्षा येतात, स्नेहसंमेलन येते आणि राहून जाते. छळणाऱ्याला या तारखा माहीत असल्या पाहिजेत. शिक्षेपेक्षा ‘हे पुन्हा विचारणार आहेत’ याचा धाक जास्त टिकतो. बसायची जागा किंवा तुकडी बदलायचीच असेल तर ती छळणाऱ्याची बदलावी. सोसणाऱ्याला हलवले की वर्ग त्याचा एकच अर्थ लावतो.

‘किवा’तली आणखी एक पायरी उचलण्यासारखी आहे. वर्गात मान असलेल्या आणि स्वभावाने बऱ्या अशा दोन ते चार मुलांना शिक्षक स्वतंत्रपणे भेटतात आणि त्या मुलाला सोबत करायला सांगतात. डबा खाताना शेजारी बसणे, खेळात घेणे, एवढेच. छळणाऱ्याला अडवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकायची नाही.

उलट, मुलांनाच न्यायाधीश करून दोघांत समेट घडवायला सांगणे हा फॅशनमध्ये असलेला प्रयोग इथे करू नये. समेट सारख्या बळाच्या भांडणात होतो. इथे त्या मुलाला आणखी तीन जणांसमोर आपली लाज उघडी करावी लागते. ‘पहिल्याच चुकीला शाळेतून काढा’ हेही ऐकायला कडक आणि कामाला कच्चे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृती गटाने २००८ मध्ये असल्या धोरणांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्यामुळे शाळा अधिक सुरक्षित होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. कारण समजण्यासारखे आहे: शिक्षा जितकी भयंकर, तितकी बघणारी मुले तोंड उघडायला बिचकतात आणि शिक्षकही नोंद करायला कचरतात.

शिक्षकांनी स्वतःकडे पाहावे अशा दोन-चार बारीक गोष्टी आहेत. वर्गात रूढ झालेले टोपणनाव शिक्षकाने एकदा गमतीत वापरले की त्यावर शिक्का बसतो. खेळाच्या तासाला दोन कप्तानांना एकेक गडी निवडायला सांगितले की रोज तेच मूल शेवटी उरते, सगळ्यांच्या देखत. ‘आपापले गट करा’ हे वाक्य एखाद्या मुलासाठी पूर्ण आठवडा खराब करते. गट शिक्षकाने पाडावेत. खर्च शून्य. आणि सांगायला आलेल्याला ‘चहाड्या करू नकोस’ म्हणण्याआधी एक चाळणी लावावी: दुसऱ्याला अडकवायला सांगितले तर ती चहाडी, दुसऱ्याला सोडवायला सांगितले तर ती खबर. पहिलीतल्या मुलालाही हा फरक कळतो.

देखरेखीला माणसे नाहीत ही अडचण खरी आहे. पण दिवसभर सगळीकडे नजर ठेवायची गरजही नाही. प्रसंग ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी घडतात: संडासाचा बोळ, जिन्याचे वळण, कपडे बदलायची खोली, बसची शेवटची बाके, दोन तासांमधली पाच मिनिटे, सुटल्यानंतरची दहा मिनिटे. शाळेचा नकाशा मुलांना द्या आणि जिथे जायला नको वाटते तिथे फुली मारायला सांगा. तीस नकाशे एकत्र ठेवले की उपलब्ध दोन माणसे कुठे उभी करायची ते आपोआप कळते.

वर्षातून एकदा निनावी पाहणी करावी. प्रश्नात ‘छळ’ हा शब्द टाळून कृती विचाराव्यात: ‘गेल्या दोन महिन्यांत तुला मुद्दाम खेळातून वगळलं का?’ पर्याय नेमके असावेत: एकदाही नाही, एकदोनदा, महिन्यात दोन-तीन वेळा, आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त. ‘कधीकधी’ हा पर्याय नको, प्रत्येकाचे कधीकधी वेगळे असते. महिन्यात दोन-तीन वेळा किंवा त्याहून अधिक हे ओल्वेयसच्या प्रश्नावलीत मोजणीची रेघ म्हणून वापरले जाते. फक्त खुणा करायच्या, लिहायचे काही नाही, कारण अक्षर ओळखता येते. शेवटचा प्रश्न ‘कुणाला सांगितलंस?’ हा असावा. शाळेची खरी प्रकृती त्या उत्तरात कळते.

पहिल्या वर्षी आकडा वाढतो आणि इथेच संस्थाचालकांना घाम फुटतो. झाकली मूठ सव्वा लाखाची हे धोरण मग परत येते. जपानने या बाबतीत शहाणपण महागात विकत घेतले. तिथे २००६ मध्ये मोजणीची व्याख्या बदलून ‘सतत’ आणि ‘गंभीर’ या अटी काढल्या गेल्या, २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. आता त्रास झाला असे त्या मुलाला वाटणे ही मुख्य कसोटी आहे, आणि छळामुळे मूल वर्षात साधारण तीस दिवस गैरहजर राहिल्याची शंका आली तर ते गंभीर प्रकरण मानून चौकशी करावी लागते. शून्य प्रकरणे कळवणाऱ्या शाळेने तो शून्य मुलांना आणि पालकांना जाहीर करून पडताळून घ्यावा, असे तिथले शिक्षण मंत्रालय सांगते. जास्त नोंदी म्हणजे जास्त छळ असे नसून जास्त लक्ष, हे सरकारी पातळीवर मान्य झाले आहे.

फोनवरच्या छळाला वेगळे तत्त्व लागत नाही, पुरावा मात्र वेगळा लागतो. संदेश खोडण्याआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे खाते दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. उत्तर देऊ नये. अपवाद एकच: मुलाचे नग्न वा लैंगिक चित्र असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नये, ‘पुरावा’ म्हणून शिक्षकालाही पाठवू नये, कारण अनेक देशांत तसे चित्र बाळगणे आणि पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. फोन तसाच ठेवून थेट पोलिसांना कळवावे. आणि सांगायला आलेल्या मुलाचा फोन काढून घेऊ नये. पुढच्या वेळी ते सांगणार नाही त्याचे हे एकच कारण पुरते.

एवढे करून किती फरक पडतो? जगभरच्या कार्यक्रमांचा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या गॅफनी, टोफी आणि फॅरिंग्टन यांच्या २०१९ च्या आढाव्यात छळ करण्याचे प्रमाण साधारण पंचमांशाने आणि सोसण्याचे त्याहून थोडे कमी घटल्याचे दिसते. चमत्कार नाही. शिवाय एक विचित्र गोष्ट आढळली आहे: जिथे छळ खरोखर कमी होतो, तिथे ज्या एकदोन मुलांचा तो सुरूच राहतो ती अधिक खचतात. वर्गात दहा जण सोसत असतील तर मूल म्हणते, इथली मुलेच वाईट. एकटेच उरले की ते म्हणते, माझ्यातच काहीतरी खोट आहे. त्यामुळे शाळेचा आकडा खाली आला म्हणून नोंदवही मिटता येत नाही. त्या उरलेल्या मुलांची नावे शिक्षकाला तोंडपाठ असली पाहिजेत.

पालकांनी शाळेत प्रवेश घेताना मैदान, निकाल, फी हे सगळे विचारावे, आणि जोडीला हेही: गेल्या वर्षी किती प्रकरणे नोंदवली, आणि दोन महिन्यांनंतरच्या भेटीत त्यातली किती पुन्हा उघडावी लागली? ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ असे उत्तर आले तर दुसरी शाळाही पाहून यावी.